बांगुस हा प्राणी असल्याचा दाखला

शनिवारी सकाळी तेरनालांच्या फाटकावर पुढील वस्तू होत्या: नवे खिळे चार, नायलॉनची दोरी एक, आणि सहा फूट बाय चार फूट मापाचा फ्लेक्स एक. फ्लेक्सवर चेहरे चार. सगळ्यांत मोठा बारांगायचे, म्हणजे वस्तीच्या पंचायतीचे, कप्तान दोदोंग यांचा, हनुवटीपासून केसांपर्यंत चौदा इंच. दुसरा बारांगायच्या सदस्य तिता मर्ली यांचा, अकरा इंच. तिसरा वेंगचा, साडेनऊ. पदवीदानाच्या चौकोनी टोपीसकट मोजला असता तर तो बारा भरला असता आणि तिता मर्लीच्या पुढे गेला असता. पण कप्तान आणि तिता यांच्या डोक्यावर टोप्या नव्हत्या, आणि तुलना समान अटींवरच व्हायला हवी, म्हणून वेंगने टोपी धरली नाही. चौथा चेहरा शेजारच्या मानोंग बेर्तिंगचा, पाच इंच. 'डॉक्टर' हा शब्द दोनदा आला होता, वेंगचं नाव एकदा.

हे सगळं तिने तातायच्या, म्हणजे वडिलांच्या, पोलादी टेपने, स्टुलावर उभं राहून मोजलं. बारांगायच्या पहिल्या भावी डॉक्टरचं अभिनंदन, असा मजकूर होता.

अडचण एवढीच होती की वेंग डॉक्टर होणार हे अजून ठरलेलं नव्हतं. वेंग, म्हणजे कागदोपत्री रोवेना तेरनाल, वय तेवीस, ही मत्स्यविज्ञानाची पदवीधर. इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या एका मत्स्यबीज केंद्रात ती नोकरीला होती. तिथे तिचं काम माशांची पिल्लं मोजणं. गुरुवारी जेवताना ती फक्त एवढंच म्हणाली होती की, "मी विचार करतेय." आता विचार ही गोष्ट चार भिंतींच्या आत करायची असते हे शास्त्रात लिहिलेलं नसलं तरी सर्वमान्य आहे. पण त्या घराच्या चार भिंतींपैकी एक तिता मर्लीच्या, म्हणजे वेंगच्या मर्लीमावशीच्या, घराशी सामाईक होती.

ती असं का म्हणाली, त्याला कारण होता एक काटा.

गुरुवारी ताताय घरच्या तळ्यातला बांगुस खात होते. बांगुसासारखा चवदार मासा नाही आणि बांगुसाइतके काटे दुसऱ्या कुठल्या माशाला नाहीत, आणि तातायना बोलल्याशिवाय जेवता येत नाही. ते नगरपालिकेत कारकून आहेत, दिवसभर कोणी त्यांचं ऐकत नाही, त्यामुळे सगळं जेवणासाठी साठलेलं असतं. एका वाक्याच्या मध्यावर ते थांबले आणि त्यांनी गळ्याकडे बोट केलं.

"भाताचा गोळा गिळा," नानाय म्हणाली. वेंगची ही आई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आज्ञा देण्याची तिला सवय आहे.

"भात नको," वेंग म्हणाली. "काटा आणखी आत जाईल."

"बेर्तिंगला बोलवा," लोला इसिद्रा म्हणाली. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या मते घशातला काटा काढायचा तर पायाळू माणसाने गळ्यावरून हात फिरवायला हवा. मानोंग बेर्तिंग हे गल्लीतले एकमेव पायाळू. एकोणसाठ वर्षांपूर्वी ते जगात पाय पुढे करून आले. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य मानाने काढलं आहे.

मानोंग बेर्तिंग आले. त्यांनी हात धुतले, डोळे मिटले आणि तातायच्या गळ्यावरून वरून खाली बोटं फिरवायला सुरुवात केली. त्याच वेळी वेंगने आपला चिमटा आणला. बांगुस बिनकाटा करायचा तो लांब, बारीक टोकाचा चिमटा. तो तिने उकळत्या पाण्यात बुडवला, लोलाच्या हातात टॉर्च दिला, चमच्याच्या दांड्याने तातायची जीभ दाबली आणि डाव्या बाजूला घशाच्या कडेला रुतलेला काटा एका हिसक्यात बाहेर काढला. लांबी दोन सेंटिमीटर चार मिलिमीटर, टोकाला फाटा.

"गेला," मानोंग बेर्तिंग डोळे उघडून म्हणाले.

"बेर्तिंग, तुझ्या हाताला गुण आहे रे," लोला म्हणाली.

ताताय बोलायला लागले आणि अर्धवट राहिलेलं वाक्य त्यांनी आधी पुरं केलं. मानोंग बेर्तिंगना भात वाढला गेला, वर माशाच्या पोटाचा तुकडा. वेंग हातात चिमटा आणि चिमट्यात काटा घेऊन उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "मी डॉक्टर व्हायचा विचार करतेय. प्रवेश परीक्षा मी डिसेंबरमध्येच दिली. बऱ्यापैकी गुण पडलेत."

हे मात्र सगळ्यांनी ऐकलं, भिंतीपलीकडे सुद्धा.

*

सोमवारी वेंग रजा टाकून शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात गेली. फिलिपिनो शिक्षणपद्धतीत डॉक्टरकीला प्रवेश आधीची एक पदवी दाखवल्यावरच मिळतो. तिथे आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे खिडक्या आहेत. फार पूर्वी कुण्या गव्हर्नराने गावागावाला एकेक अक्षर वाटून टाकलं, त्यामुळे वेंगच्या गावातल्या सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात आणि सगळं गाव शहरात गेलं की एकाच रांगेत उभं राहतं. बाकीच्या तीन खिडक्यांवर बसलेल्या बाया नखं बघत होत्या. चौथीच्या रांगेत वेंगला तिची शाळेतली बाई, एक चुलतभाऊ आणि तातायचा न्हावी भेटले. तिघांनी फ्लेक्स पाहिला होता.

खिडकीपलीकडे माम पिलार होत्या. गुणपत्रकं तपासणं हे त्यांचं तेवीस वर्षांचं काम. म्हणजे वेंग जन्मली तेव्हापासून त्या तिची वाट पाहत होत्या म्हणायला हरकत नाही.

"जीवशास्त्राचे पंधरा युनिट लागतात," माम पिलार म्हणाल्या. "तुझे आहेत पाच."

"पंधरा आहेत, माम. खाली बघा. मत्स्यशरीररचना पाच, मत्स्यशरीरक्रिया चार, आणि मासळी बिनकाटा करण्याचं प्रात्यक्षिक एक."

"हा मासा आहे."

"हो, माम."

"मला जीवशास्त्र हवंय."

"माशाला जीव असतो, माम."

"ते तू म्हणतेस." त्यांनी चष्मा काढला. "कुठे लिहिलंय?"

"सगळीकडे."

"सगळीकडे लिहिलेलं मला फाइलला लावता येत नाही, दाय. एका कागदावर हवं. मासा हा प्राणी आहे आणि त्याचं शास्त्र हे प्राणिशास्त्र आहे, असा दाखला. सक्षम अधिकाऱ्याची सही, उठावाचा शिक्का. शुक्रवारी चारपर्यंत."

"आणि नाही मिळाला तर?"

माम पिलारनी खणातून एक गुलाबी फॉर्म काढला. त्या दुष्ट नव्हत्या. आवाजात, 'दाय' म्हणजे पोरी म्हणण्यात, माया होती, म्हणून ते जास्त लागलं. "मग दुसरी पदवी घे. वैद्यकीय प्रयोगशाळेची. चार वर्षांची आहे, तुझे इंग्रजी-गणित धरून तीनमध्ये होईल. वाकडी पदवी घेऊन आलेले सगळे हेच करतात. सरळ होऊन येतात."

वेंगने फॉर्म घेतला. परत येताना जीपनीत ती 'वाकडी' या शब्दावर बराच वेळ विचार करत होती. बांगुसाच्या कण्याइतकी सरळ रेघ निसर्गात फार कमी असते.

*

संध्याकाळी तिने तक्ता केला. विज्ञान शिकलेल्या माणसाला हा एक आजार असतो. निर्णय घ्यायचा म्हटलं की तो आधी रकाने आखतो. डावीकडे पर्याय दोन: दुसरी पदवी घेणे, न घेणे. वर रकाने: लागणारी वर्षं, डॉक्टर होताना स्वतःचं वय, फायदे, तोटे. एक रकाना तिने आखला आणि त्याला नाव दिलं नाही.

तक्ता जेवणाच्या टेबलावर ठेवण्याची चूक तिने केली, आणि तो सार्वजनिक झाला.

"नर्सिंग घे," नानाय म्हणाली. "डॉक्टरकी जमली नाही तर परदेशी जाता येतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया परदेशात आहेत."

"म्हणून तर ती तुझ्या वर्गात रडतात," ताताय म्हणाले.

"प्रयोगशाळेचीच घे," तिता मर्ली भिंतीपलीकडून म्हणाली आणि दोन मिनिटांत दारातून आत आली. "दोन पदव्या म्हणजे फ्लेक्सवर दोन ओळी."

"पायाळू असतीस तर एकही लागली नसती," मानोंग बेर्तिंग कुंपणावरून म्हणाले. त्यांच्या आवाजात गर्व नव्हता. एखाद्या श्रीमंत माणसाने गरिबाला हवापाण्याविषयी सांगावं तसं ते सांगत होते.

लोला इसिद्राने तक्ता हातात घेतला, चष्म्याखालून पाहिला. "माझं वय कुठे आहे यात?"

"तुझं कशाला, लोला?"

"डॉक्टरने माझं तळलेलं डुकराचं कातडं बंद केलंय. घरची डॉक्टर झाली की ती सुरू करेल, या आशेवर मी जगतेय. माझा रकाना घाल."

वेंगने घातला. न घेता: चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इस्पितळात उमेदवारी, लोला त्र्याऐंशी. घेऊन: आणखी तीन, लोला शहाऐंशी.

"तीन वर्षं जास्त, कातड्याविना," लोला म्हणाली. "दुसरी पदवी नको. माझं मत धर."

"लोला, मी सुद्धा ते बंदच ठेवणार."

"आधी हो तर डॉक्टर. मग बघू कोण कोणाचं ऐकतं."

मतदान दोन विरुद्ध एक झालं, मानोंग बेर्तिंग तटस्थ. ताताय कुठल्या बाजूला होते ते कळलं नाही, कारण ते वकिलीच्या फायद्यांवर बोलत होते.

*

मंगळवारी वेंग आपल्या जुन्या विद्यापीठात गेली. मत्स्यविभागाच्या प्रमुखांनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर काम झालं असतं. पण प्रमुख संशोधन-जहाजावर होते. वीस तारखेपर्यंत.

"तिथे ते काय करतायत?" वेंगने विचारलं.

"मासे मोजतायत," कारकून म्हणाला.

"मासा प्राणी आहे एवढंच लिहून हवंय. तुम्ही द्याल?"

"मला ठाऊक आहे तो प्राणी आहे," कारकून म्हणाला. "पण मला ठाऊक असण्याचा अधिकार नाही."

अर्जाच्या फॉर्मवर चौकटी चार होत्या: गुणपत्रक, विद्यापीठ सोडल्याचा दाखला, सद्वर्तनाचा दाखला आणि 'इतर'. 'इतर'वाल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. वेंगने 'इतर'वर खूण केली होती, तरी तासाभराने तिला सद्वर्तनाचा दाखला मिळाला. तिच्याकडे आधीचे दोन होते. आता तिच्या सद्वर्तनाविषयी तीन स्वतंत्र पुरावे जमले आणि माशाच्या प्राणित्वाविषयी एकही नाही.

"अगं, एवढंच ना?" हे ऐकून तिता मर्ली म्हणाली. "दाखला म्हणजे कप्तान. आपल्याकडे कोणाला काही सिद्ध करायचं असलं की कुठे जातात? गरीब असल्याचा दाखला कप्तान देतात, जिवंत असल्याचा देतात, एकटी बाई असल्याचा देतात. मासा काय मोठा लागून गेलाय?"

"तिता, ते सक्षम अधिकारी नाहीत."

"असं त्यांच्या तोंडावर बोलू नकोस. फ्लेक्सचे पैसे त्यांनी दिलेत."

बुधवारी बारांगाय कचेरीत वेंग, ताताय आणि तिता मर्ली बाकावर बसली. कप्तान दोदोंग प्रत्यक्षात फ्लेक्सपेक्षा बरेच लहान होते, पण आवाज त्याच मापाचा होता. त्यांनी गंभीरपणे सगळं ऐकलं. "माशावर अन्याय होतोय," ते म्हणाले आणि संगणकावर बसलेल्या मानांग नेनेतना खूण केली.

मानांग नेनेतच्या संगणकात दाखल्याचा एकच नमुना होता. त्यातला एकही रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढे सरकत नसे.

"नाव?"

"बांगुस," कप्तान म्हणाले.

"वय?"

"सज्ञान लिही."

इथे वेंगला गप्प बसायला हवं होतं. हा सगळा प्रकार वेडगळ आहे, मला हा कागद नको, असं म्हणून उठायला हवं होतं. पण शिक्षण आडवं आलं. "कप्तान, तो सज्ञान नसतो," ती म्हणाली. "बांगुस साधारण पाच वर्षांनी वयात येतो. बाजारात येतो तो जेमतेम सहा महिन्यांचा."

मानांग नेनेतनी टंकायचं थांबवलं.

"अज्ञान असेल तर पालकाची सही लागेल," मानांग नेनेत म्हणाल्या.

"पालक समुद्रात असतात," वेंग म्हणाली.

"परदेशी," कप्तान म्हणाले. "बिचारा. मग सज्ञानच लिही, मी जबाबदारी घेतो. वैवाहिक स्थिती, एकटा. राष्ट्रीयत्व, फिलिपिनो. रहिवास, तेरनाल यांचं तळं."

"इतका काळ राहिलाय का?" मानांग नेनेतनी विचारलं. "सहा महिने लागतात."

"बरोब्बर सहा," ताताय म्हणाले. त्यांना मजा यायला लागली होती.

"सदर इसम प्राणी असून," मानांग नेनेत टंकत होत्या, "सद्वर्तनी आहे व त्याच्याविरुद्ध या कचेरीत कोणतीही तक्रार दाखल नाही."

"माझी आहे," ताताय म्हणाले. "गेल्या गुरुवारी तो माझ्या घशात अडकला होता."

कप्तानांनी चष्म्यावरून पाहिलं. "लेखी दिली होती?"

"नाही."

"मग नाही."

शिक्का दाबताना कप्तान खुर्चीतून उठले, कारण उठावाचा शिक्का बसून नीट उमटत नाही. वेंगने कागद घेतला, आभार मानले, घरी आणून फ्रिजवर भाताच्या भांड्याखाली ठेवला आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. तीन दिवसांत तिला वाकडी ठरवलं गेलं, तिचा मासा अनाथ ठरला. हसू यावं असं सगळं होतं आणि तिला हसू येत नव्हतं.

गुरुवारी तिने गुलाबी फॉर्म भरला.

"ठरलं?" नानायने विचारलं.

"ठरलं. दुसरी पदवी. तीन वर्षांनी कोणी विचारणार नाही मासा कोण आहे ते."

नानाय जिंकली नव्हती, नर्सिंग कुठेच नव्हतं, तरी तिने विरोध केला नाही. फक्त तक्त्यावर बोट ठेवलं. "या रकान्याला नाव का नाही?"

"राहिलं," वेंग म्हणाली आणि तक्ता घडी करून फॉर्मबरोबर पाकिटात टाकला.

*

शुक्रवारी सकाळी नानायने तिच्या हातात बर्फ भरलेला डबा दिला. आत बांगुस एक, वजन साडेसहाशे ग्रॅम, पहाटे तळ्यातून काढलेला. "माम पिलारना दे. रिकाम्या हाताने कोणाच्या खिडकीत जाऊ नये."

"बिनकाटा केला असता तर बरं दिसलं असतं," तिता मर्ली म्हणाली.

"वेळ नाही. चिमटा ने बरोबर, रांगेत करशील." हे नानाय थट्टेने म्हणाली. पण चिमटा पिशवीत गेला.

खिडकीत माम पिलारनी पाकीट उघडून एकेक कागद बाहेर काढला. गुलाबी फॉर्म. गुणपत्रक. सद्वर्तनाचे दाखले तीन. मग चौथा, जो वेंगने ठेवला नव्हता. तिने मागे वळून पाहिलं. रांगेत मुळीच काम नसताना उभी असलेली तिता मर्ली छताकडे पाहत होती.

माम पिलारनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून.

"माम, तो चुकून आलाय," वेंग म्हणाली. तिचे कान तापले होते. "परत द्या."

माम पिलारनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "खरा आहे."

"शिक्का खरा आहे, माम, पण—"

"शिक्क्याचा कागद माझ्या हातात आला की मला तो वर पाठवावा लागतो, दाय. तेवीस वर्षांत मी एकही शिक्का परत केलेला नाही." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, कागदाच्या मागे वेळ लिहिली, 'प्राप्त' असा ठसा मारला आणि खिडकी बंद करून पाकिटासकट स्वतःच डीनच्या खोलीकडे निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "तू पण ये. डबा पण घे, इथे मांजर आहे."

डीन, डॉक्टर सोलेदाद हिनोलान, सत्तरीच्या, बुटक्या आणि शरीररचना शिकवण्यात आयुष्य गेलेल्या होत्या. त्यांनी दाखला वाचला. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"तक्रार नाही म्हणजे चांगल्या घरचा दिसतो," त्या म्हणाल्या. "हा इसम सध्या कुठे असतो?"

वेंगने डबा वर केला. "इथेच आहे, डॉक."

"उघड."

टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं गेलं. बांगुस त्यावर आडवा झाला. खणातून कागद कापायची सुरी निघाली. तिची धार वेंगने बोटावर पाहिली आणि खांदे उडवले. मग ती खाली वाकली, पाठीवरून चीर दिली, कणा सोडवला, मासा पुस्तकासारखा उघडला आणि चिमटा हातात घेतला. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला काही सुचवायला आसपास कोणी नव्हतं.

"काटे कण्याबरोबर का नाही निघाले?" डीननी विचारलं.

"हे कण्याला जोडलेले नसतात, डॉक. स्नायूंच्या मधल्या पडद्यांत असतात. म्हणून एकेक काढावा लागतो." तिने बोटाच्या टोकाने काटा चाचपला, ओढला, बशीत ठेवला. मांस फाटलं नाही. "बारा," ती म्हणाली.

"काय बारा?"

"मोजतेय."

"अंगाच्या बाजूची ही रेघ?"

"संवेदनारेषा. पाण्याची हालचाल कळते."

"माणसात तिच्या जागी काय?"

"सरळ काही नाही. पण आपल्या आतल्या कानातल्या रोमपेशी त्याच घराण्यातल्या आहेत." आणखी एक काटा बशीत ठेवून ती म्हणाली, "एकतीस."

माम पिलार दाराशी उभ्या होत्या. त्यांना खिडकी उघडायची होती, पण पाय निघत नव्हता. काट्यांची बशी भरत गेली. डीननी पाकिटातला तक्ता उलगडला आणि वाचत बसल्या.

"लोला कोण?"

"आजी, डॉक. चौपन्न."

"चौपन्न वर्षांची?"

"नाही, काटे."

"आणि हा बिननावाचा रकाना?"

वेंगने चिमटा थांबवला नाही. हातात काम असलं की माणूस खरं बोलतो. "भीती," ती म्हणाली. "घशातला काटा काढला तो दिसत होता म्हणून. इथे सगळे प्रयोगशाळेतून, नर्सिंगमधून आलेले असणार. मी माशांतून. दुसरी पदवी घेतली तर तीन वर्षं मला कोणी नापास करू शकणार नाही, निदान डॉक्टरकीत."

"त्यासाठी तीन वर्षं कशाला थांबतेस?" डीन म्हणाल्या. "आम्ही पहिल्या सहामाहीतच करतो की."

माम पिलारना दाराशी हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. वेंगही हसली. सोमवारपासून पहिल्यांदा. त्या नादात आकडा चुकेल की काय अशी तिला धास्ती वाटली, पण चुकला नाही. बावीस मिनिटांनी ती सरळ झाली. "एकशे चौऱ्याऐंशी."

डीननी मांसावरून अंगठा फिरवला, शेपटीपासून डोक्यापर्यंत आणि परत. मग बशीतले काटे मोजले. याला बरीच मिनिटं लागली. आकडा तोच आला.

"अडीच वाजता समितीची बैठक आहे," त्या म्हणाल्या. "समितीसमोर मी हा दाखला ठेवणार नाही, अभ्यासक्रम ठेवणार आहे. दाखला मी घरी नेते."

साडेतीनला माम पिलारनी खिडकी उघडून चिठ्ठी सरकवली. मत्स्यशरीररचना, पाच, मान्य. मत्स्यशरीरक्रिया, चार, मान्य. आधीचे पाच. मासळी बिनकाटा करणे, एक, अमान्य.

"हा का नाही, माम? सगळं तर त्याच्यावरच झालं."

"समिती म्हणते, तो स्वयंपाक आहे." माम पिलारनी आवाज खाली आणला. "एक युनिट उन्हाळी वर्गात भर. प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक, सहा आठवडे. जूनमध्ये प्रवेश. आणि तो गुलाबी फॉर्म चार वाजायच्या आत परत मागून घे, नाहीतर मला तो पण वर पाठवावा लागेल."

वेंगने परत मागितला. बिनकाटा बांगुस माम पिलारनी घरी नेला.

घरी गेल्यावर तिने तक्त्यातली एक ओळ खोडली आणि लोलाच्या रकान्यात त्र्याऐंशीच्या पुढे 'अधिक सहा आठवडे' असं लिहिलं. लोलाने ते वाचून मान हलवली. तेवढं ती सोसणार होती. ताताय जेवताना सगळी हकीकत स्वतः खोलीत असल्यासारखी सांगत होते. मानोंग बेर्तिंगनी कुंपणावरून विचारलं की मासा कापताना त्याचं डोकं कुठल्या दिशेला होतं. उत्तर ऐकून ते समाधानाने म्हणाले, "तरीच."

रविवारी सकाळी फाटकावर पुढील वस्तू होत्या: खिळे सहा, त्यांतले जुने चार. दोऱ्या दोन. आठ फूट बाय सहा फूट मापाचा फ्लेक्स एक. मजकूर तोच, 'भावी डॉक्टर'च्या पुढे कंसात '(एक युनिट बाकी)'. चेहरे पाच. वेंगने स्टूल आणलं, टेप आणली. मानोंग बेर्तिंग, सात इंच. तिता मर्ली, पंधरा. कप्तान दोदोंग, एकवीस. बांगुस, तोंडाच्या टोकापासून कल्ल्याच्या कडेपर्यंत, अठरा. वेंग, टोपी न धरता, साडेसतरा.